विश्लेषण : ‘एका जागी बूडच टेकत नाही’... अतिचंचल मुलांना व्यवसायोपचाराचा उपयोग किती?

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि जुलै संपेपर्यंत प्रत्येक वर्गात एक-दोन नावे गुरुजींच्या तोंडी बसतात. पेन्सिल रोज हरवते, प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर येते, मधल्या सुट्टीनंतर एकच चप्पल सापडते. घरी म्हणतात, पायाला भिंगरी आहे. शाळेत म्हणतात, मस्तीखोर आहे. वाशिम जिल्ह्यातल्या कामरगावसारख्या गावात ही बोलणी नवी नाहीत. अशी बरीचशी मुले वय वाढेल तशी शांत होतात. काहींच्या बाबतीत मात्र कारण एडीएचडी असते, आणि तपासणीनंतर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ओटी’ अशी दोन अक्षरे येतात. मराठी घरात ओटी म्हणजे खणानारळाची, दवाखान्यात ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. चिठ्ठीवरची ओटी या दोन्हींतली नाही. ती आहे ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच व्यवसायोपचार. ती काय करते, काय करू शकत नाही आणि गावात राहून तिचा कितपत लाभ घेता येतो?

एडीएचडी नेमके कशाला म्हणायचे?

अटेन्शन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर हे त्याचे पूर्ण नाव. मेंदूच्या वाढीशी संबंधित ही अवस्था आहे. लक्ष हवे तिथे टिकवणे, हालचाल आवरणे आणि मनात आलेली गोष्ट क्षणभर थोपवणे या तीन गोष्टी या मुलांना समवयस्कांपेक्षा खूप अवघड जातात. निदानासाठी अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे निकष जगभर वापरले जातात. त्यात लक्ष न टिकण्याची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणे आहेत. मुलामध्ये कोणत्याही एका गटातली किमान सहा लक्षणे सहा महिने दिसायला हवीत, त्यांची सुरुवात वयाच्या १२ वर्षांआधीची हवी आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी त्यांचा त्रास व्हायला हवा. फक्त शाळेत दंगा करणारे किंवा फक्त आईलाच न जुमानणारे लेकरू या व्याख्येत सहसा बसत नाही.

जगभरातल्या पाहण्यांचा एकत्रित अंदाज साधारण पाच टक्के मुलांचा आहे. मुलींचे निदान कमी होते. त्या वर्गात उड्या मारत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात आणि ‘हिचे डोकेच चालत नाही’ या शेऱ्याखाली वर्षे निघून जातात.

‘मोबाइलवर दोन तास हलत नाही, मग लक्ष नाही कसे?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात निघतो. मोबाइल दर काही सेकंदांनी नवे काहीतरी देतो. सातचा पाढा देत नाही. या मुलांत लक्ष असते, पण रस नसलेल्या कामाकडे ते वळवता येत नाही. आळस आणि एडीएचडी यांत गल्लत होते ती इथेच.

निदानाच्या आधी मुलाचे कान आणि डोळे तपासणे आवश्यक आहे. कमी ऐकू येणारे मूलही सांगितलेले करत नाही. झोप अपुरी असेल, किंवा काही सेकंद एकटक बघत राहण्याची फिट येत असेल, तरी ते ‘लक्ष नसणे’च वाटते.

यात ‘व्यवसाय’ कोणता?

व्यवसायोपचार हा शब्द ऐकून पुष्कळांना वाटते की मुलाला काही हस्तकला किंवा धंदा शिकवणार. इथे व्यवसाय याचा अर्थ माणसाचा दिवस ज्या कामांनी भरतो ती कामे. लहान मुलाचा व्यवसाय म्हणजे अंघोळ, कपडे, जेवण, खेळ, लिहिणे, मित्र. त्यातले जे अडते ते सोडवणे हे या उपचाराचे काम.

महाराष्ट्राचे या विद्येशी नाते जुने आहे. देशातली पहिली व्यवसायोपचार शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू करणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकन. माहेरचे नाव एलिझाबेथ लुंडी. पुढे १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक दहा देशांत भारत होता. फलटणचे कमला निंबकर बालभवन शिक्षणक्षेत्रातल्या अनेकांना ठाऊक असते. ते नाव याच बाईंचे. आज मुंबईतल्या केईएम, शीव आणि नायर या पालिका रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा पदवी अभ्यासक्रम आहे. राज्यात व्यवसाय करण्यासाठी व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी लागते. ‘थेरपी सेंटर’ अशी पाटी दिसली की नोंदणी क्रमांक विचारावा. विचारण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

पहिल्या भेटीत काय होते?

इंजेक्शन नाही, यंत्र नाही. बराच वेळ प्रश्नोत्तरांत जातो. मूल उठते केव्हा, दात घासायला किती वेळा सांगावे लागते, शर्टाची बटणे स्वतः लावते का, ताटावरून किती वेळा उठते, झोप किती वाजता. चांगला थेरपिस्ट शाळेची वही मागतो, शिक्षकांचे म्हणणे मागतो आणि मुलालाही विचारतो की तुला स्वतःला काय जमायला हवे आहे. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. आईला अक्षर सुधारायला हवे असते, मुलाला मात्र क्रिकेटमध्ये झेल घेता यावा असे वाटत असते. दोन्ही यादीत येतात.

मग मुलाला काही कामे करायला देऊन पाहिले जाते : कात्रीने कापणे, फळ्यावरचे वहीत उतरवणे, एका पायावर उभे राहणे, चेंडू पकडणे. एडीएचडी असलेल्या मुलांपैकी निम्म्यापर्यंत मुलांमध्ये हातापायांच्या हालचालींतही अवघडलेपणा आढळतो. ती धडपडतात, त्यांचे सांडते, गाठ बसत नाही. डॉक्टरांच्या घाईच्या तपासणीत हा भाग निसटू शकतो आणि व्यवसायोपचाराचा खरा उपयोग सुरू होतो तो इथून.

प्रत्यक्षात मदत कशी होते?

समजा, तिसरीतला एक मुलगा आहे. शाळेतली वही अर्धी कोरी, अक्षर वर-खाली, काना-वेलांटी गायब. गुरुजींना वाटते आळशी आहे.

देवनागरी लिहिताना हात सतत मागे-पुढे जातो. अक्षर काढायचे, ऱ्हस्व वेलांटीसाठी मागे यायचे, मात्रेसाठी वर जायचे, शेवटी शिरोरेषा. ज्याचे लक्ष पुढच्या शब्दावर उडी मारून गेले आहे तो मागे येतच नाही. त्यात तो जमिनीवर मांडी घालून, वही मांडीवर घेऊन बसला असेल तर पाठ वाकते, वही हलते, एक हात अंगाला आधार द्यायला गुंततो. म्हणून थेरपिस्ट अक्षराच्या आधी बसणे बघतो. बाक असेल तर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. लोंबकळत असतील तर खाली वीट किंवा फळकूट ठेवायचे. जमिनीवर बसवायचे असेल तर भिंतीला पाठ टेकून आणि समोर उतरता पाट ठेवून. वही पाटावर स्थिर राहिली की डावा हात मोकळा होतो. याला पैसे लागत नाहीत. कुणीतरी नीट पाहावे लागते, एवढेच.

त्यानंतर काम लहान करणे. पानभर शुद्धलेखनाऐवजी चार ओळी, पण काना-मात्रेसह. चार ओळी झाल्या की उठून पाणी पिऊन यायचे, मग पुढच्या चार. कॅनडात हेलेन पोलाटाजको आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या एका पद्धतीत मुलाला चार पायऱ्या शिकवतात : काय करायचे ते ठरव, कसे करायचे ते आख, कर, आणि जमले का ते बघ. उत्तर मोठ्यांनी सांगायचे नाही, प्रश्न विचारायचे. ‘ओळ वर का गेली असेल?’ असे विचारले की मूल स्वतःच वही सरळ करते. ही सवय अक्षरापुरती राहत नाही. दप्तर भरतानाही तीच वापरता येते.

वेळेचे भान हा या मुलांचा दुसरा अडथळा. ‘दहा मिनिटांत आवर’ या वाक्याला त्यांच्या लेखी काहीच अर्थ नसतो, कारण दहा मिनिटे दिसत नाहीत. ती दिसतील अशी करावी लागतात. वाळूचे घड्याळ, मोबाइलचा गजर, किंवा ‘हे गाणे संपेपर्यंत कपडे’ अशी खूण चालते. सकाळची कामे चित्रांनी भिंतीवर लावायची : ब्रश, अंघोळ, गणवेश, डबा, दप्तर. एक झाले की त्यावर खडूची रेघ. आईने सात वेळा ओरडायचे ते काम भिंत करते. आणि सूचना एका वेळी एकच. ‘हातपाय धू, कपडे बदल, अभ्यासाला बस आणि बाबांना बोलाव’ यातले पहिले तरी ऐकले गेले तर नशीब.

हातांच्या बळासाठी शहरातल्या केंद्रांत रंगीत चिकणमाती आणि चिमटे असतात. गावातल्या घरात शेंगा फोडणे, तुरीचे दाणे सोलणे, कणीक तिंबणे, वाती वळणे, कपडे पिळणे आहे. सागरगोट्यांत डोळा आणि हात एकत्र चालतात. लंगडीत तोल, लगोरीत नेम. खो-खोत तर पाठीवर थाप पडेपर्यंत थांबून राहण्याचाच कस लागतो. मूल रोज खेळते तेच पुरेसे आहे असा याचा अर्थ नव्हे. कोणता खेळ, किती वेळ, कशासाठी, हे ठरवून दिले की तो उपचाराचा भाग होतो. आणि तो मुलाला शिक्षा वाटता कामा नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी शेंगांची टोपली दिसताच पोरगे पसार.

वर्गात अशा मुलाला पुढे, दारा-खिडकीपासून लांब बसवावे हे सगळेच सांगतात. त्याहून उपयोगी पडते ते हालचालीला काम देणे. वह्या वाटणे, फळा पुसणे, खडू आणणे ही कामे त्याला दिली की उठणे गुन्हा राहत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. तरीही ‘दोन फटके दिले की बसतो’ हा समज गेलेला नाही. फटक्याने मूल बसते खरे, पण पाचच मिनिटे.

मग याने चंचलपणा जातो का?

इथे स्पष्ट बोलायला हवे, कारण पालकांचा पैसा आणि वर्षे यात जातात. एडीएचडीच्या मूळ लक्षणांवर सर्वात भक्कम पुरावा औषधांचा आहे आणि त्याखालोखाल पालकांना व शिक्षकांना दिलेल्या वर्तन-प्रशिक्षणाचा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार सहा वर्षांखालच्या मुलांत आधी पालकांचे प्रशिक्षण, त्यानंतरच्या वयात औषध आणि वर्तनोपचार एकत्र. मिथाइलफेनिडेट हे प्रमुख औषध भारतात अमली पदार्थविषयक कायद्याच्या नियंत्रणाखाली येते, त्यामुळे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळत नाही आणि लहान गावातल्या औषध दुकानात सहसा नसते. अॅटोमॉक्सेटिन हा वेगळ्या प्रकारचा पर्याय आहे. औषध सुरू करणे, बदलणे, थांबवणे हा निर्णय बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा. थेरपिस्टचा नाही, शेजाऱ्यांचा तर नाहीच.

व्यवसायोपचाराचा दावा वेगळा आणि मर्यादित आहे. औषधाने मूल जागेवर बसेल, पण बटण लावायला, दप्तर भरायला, ओळीत लिहायला ते आपोआप शिकत नाही. ते शिकवावे लागते, आणि ज्या कामात अडचण आहे त्याच कामाचा सराव केला की फरक पडतो.

झोके, गोळ्यांचे तलाव, वजनदार जाकिटे असलेल्या ‘सेन्सरी रूम’चा बोलबाला मोठा आहे. ही विचारसरणी अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७० च्या दशकात मांडली. बालरोगतज्ज्ञांच्या त्याच संघटनेने २०१२ मध्ये म्हटले की अशा उपचारांच्या परिणामकारकतेवरचे संशोधन अपुरे आहे. पालकांना तसे सांगावे आणि ठरावीक मुदतीत फायदा होतो का ते तपासावे. झोक्यावर मूल खूश होते यात शंका नाही. पण तीन महिन्यांनंतर घरी आणि शाळेत काय बदलले, हा प्रश्न विचारायलाच हवा. ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’सारख्या वर्गांना तर कोणताही शास्त्रीय आधार नाही.

कामरगावातून जायचे कुठे?

कारंजा तालुका जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला. कागदपत्रांसाठी वाशिम, पण दवाखान्यासाठी लोकांचे पाय अमरावती-अकोल्याकडे वळतात. व्यवसायोपचाराचे शासकीय महाविद्यालय नागपूरला, दोनशे किलोमीटरच्या घरात. समृद्धी महामार्ग कारंजा तालुक्यातून जातो, त्यामुळे स्वतःची गाडी असणाऱ्याला नागपूर जवळ आले. एसटीने जाणाऱ्याला तितके नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट आहे आणि मुलाचेही अर्धेच लागते. खर्च तिकिटाचा नसतो, बुडालेल्या रोजाचा असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत पाऊण तासाच्या सत्रासाठी दिवसभराची मजुरी सोडायची, तीही दर आठवड्याला, हे कोणत्याही मजूर कुटुंबाला झेपणारे नाही. अर्धवट सुटलेल्या उपचारांमागे निष्काळजीपणापेक्षा हा हिशेब अधिक असतो.

सरकारी वाट दारापर्यंत येते, हे मात्र पुष्कळांना माहीत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला, तोही महाराष्ट्रातल्या पालघरमधून. त्याची वैद्यकीय पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शासकीय व अनुदानित शाळेत येतात. ज्या ३० आजार-अवस्थांसाठी मुलांची तपासणी होते त्यांत एडीएचडी आणि अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. पथकाच्या हाती एका मुलासाठी मोजकी मिनिटे असतात. दात, डोळे, रक्तक्षय यांत चंचल मूल ‘हुशार आहे, मस्ती करते’ म्हणून पुढे सरकते. शिक्षकांनी त्या दिवसासाठी नाव आधीच लिहून ठेवले आणि दोन ओळींत निरीक्षण दिले तर पुढची चिठ्ठी मिळण्याची शक्यता वाढते. ती चिठ्ठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे नेते. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत अशी या केंद्रांची रचना आहे. निघण्याआधी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहेत का आणि कोणत्या वारी असतात, हे फोन करून विचारून घ्यावे. भरलेली पदे आणि मंजूर पदे यांत अंतर असू शकते.

शिक्षण विभागाकडे दुसरी वाट आहे. समग्र शिक्षा अभियानात गट साधन केंद्राच्या पातळीवर समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक आणि विषयतज्ज्ञ असतात. कारंजा गटातल्या शाळांसाठी तीच सर्वात जवळची मदत.

व्यवहार्य मार्ग बहुधा मधला आहे. एकदा मोठ्या रुग्णालयात जाऊन सविस्तर तपासणी करून घ्यायची, आणि येताना तोंडी सल्ल्याऐवजी लेखी आराखडा मागायचा : घरी रोज काय, शाळेत काय, किती दिवसांनी काय दिसायला हवे. त्यानंतरची विचारपूस व्हिडीओ कॉलवर होऊ शकते. आठवड्यात १६८ तास असतात आणि थेरपिस्टसमोरचा त्यातला एकही पूर्ण तास नसतो. उरलेला सगळा वेळ मूल आई, आजी आणि गुरुजींकडे असते. त्यांना काय करायचे ते नीट सांगितले गेले तर नागपूरच्या फेऱ्या दोन-तीनवर येतात.

प्रमाणपत्र, सवलती मिळतात का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे. स्वमग्नता आहे, बौद्धिक अक्षमता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. म्हणजे केवळ एडीएचडीच्या निदानावर दिव्यांग प्रमाणपत्राची वाट सरळ नाही. ‘निरामय’ ही राष्ट्रीय न्यासाची आरोग्य विमा योजनाही स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरतीच आहे. ज्या थेरपीचा खर्च वर्षानुवर्षे चालू शकतो तिला शासकीय आधार नाही, ही यादीतली मोठी फट आहे. मात्र एडीएचडीबरोबर वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता अनेकदा असते. ‘तारे जमीं पर’मधल्या मुलाची अडचण ती होती, आणि त्या चित्रपटामुळे दोन्ही गोष्टी एकच असल्याचा समज पसरला. तशी शंका असल्यास तिची वेगळी तपासणी करून घ्यावी, कारण तिच्यासाठी प्रमाणपत्र मिळते.

जाताना सोबत काय न्यावे?

या वर्षीच्या दोन वह्या, शक्यतो एक मराठीची आणि एक गणिताची. शिक्षकांचे चार ओळींचे पत्र. जन्माच्या वेळचे आणि आधीच्या आजारांचे कागद. कानाची आणि डोळ्यांची तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल. आणि एका आठवड्याची नोंद : मूल कोणत्या कामाला किती वेळ टिकले, कुठे चिडले, किती झोपले. नोंद लिहिताना ‘ऐकत नाही’ असे न लिहिता ‘जेवताना चार वेळा उठला’ असे लिहावे. मोठ्या बहिणीने लिहिली तरी चालते. मुलाला जे चांगले जमते तेही त्यात असावे. शेळीची पिल्ले सांभाळतो, सायकलची साखळी बसवतो, गाण्याची चाल लगेच धरतो. थेरपिस्ट कामाला सुरुवात तिथूनच करतो.

प्रवासाआधी कुणाशी तरी बोलावेसे वाटले तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्य मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. तिथे मराठीत बोलता येते.